रातांधळ्यांच्या वंशावळी लिहिणारा नेत्रवैद्य

दिवेलागणीनंतर ज्याला ओसरीची पायरी दिसत नाही, ताटातली भाकरी चाचपडावी लागते, असे मूल जळगाव-धुळ्याकडच्या शिक्षकांना अगदीच अनोळखी नसते. चोपडा, यावल, शिरपूर अशा सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना रातांधळेपणा हा शब्द पाठ्यपुस्तकातून शिकावा लागत नाही. त्याचे कारणही आपण वर्गात सांगतो: 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता. उपायही सांगतो: पोकळा, अंबाडी, शेवग्याचा पाला, पपई, गाजर. 'अ' जीवनसत्त्वाचा मोठा डोस ठरावीक अंतराने लहान मुलांना पाजण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९७० साली सुरू झाला. पहिला डोस नवव्या महिन्यात एक लाख एककांचा आणि नंतर दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांचा, पाच वर्षांपर्यंत, असे त्याचे आजचे स्वरूप आहे. कमतरतेमुळे आलेला रातांधळेपणा हा डोस मिळाल्यावर काही दिवसांतच हटतो. वैद्यकात इतक्या झटपट दिसणारे यश फार थोडे.

पण क्वचित एखाद्या मुलाला डोस देऊनही काहीच फरक पडत नाही. घरी चौकशी केली की कळते, आजोबांनाही रात्री दिसत नव्हते, किंवा आईचा एक भाऊ संध्याकाळनंतर घराबाहेर पडत नसे. हा रातांधळेपणा अन्नातून आलेला नाही, घराण्यातून आलेला आहे. त्याचेही प्रकार आहेत. एकात रात्रीचे दिसणे जन्मापासूनच मंद असते, पण आयुष्यभर तेवढेच राहते आणि दिवसाची दृष्टी शाबूत असते. दुसऱ्याची सुरुवात रातांधळेपणाने होते, पण मग दृष्टीचे क्षेत्र कडेकडून आक्रसत जाते आणि नळीतून पाहावे तसे मधले तेवढे दिसते. या दुसऱ्या प्रकाराला रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात. जगात साधारण चार हजारांमागे एका माणसाला तो असतो. शिक्षकांनी त्याची एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. असे मूल फळ्यावरची बारीक अक्षरे बिनचूक वाचते आणि बाकाच्या पायाला अडखळून पडते. मग वर्ग हसतो आणि गुरुजींना वाटते, पोरगा सोंग करतो आहे. तो सोंग करत नसतो. त्याची मधली दृष्टी चांगली असते, कडेची गेलेली असते.

घराण्यातून येणाऱ्या या आंधळेपणाचा पद्धतशीर अभ्यास करण्यासाठी ज्याने चालती प्रॅक्टिस सोडली, त्या एडवर्ड नेटलशिप या इंग्रज नेत्रवैद्याची ही हकीकत आहे. तो खानदेशात कधी आला नाही. पण त्याने जे काम केले ते खानदेशातल्या कोणत्याही गावात करता येईल असे आहे, आणि ते करताना नेमके काय चुकू शकते हेही त्याच्या कामातून कळते.

नेटलशिपचा जन्म १८४५ साली इंग्लंडमधल्या केटरिंग गावी झाला. वडील वकील. घर विद्वानांचे. एक भाऊ लॅटिनचा नामवंत पंडित, दुसरा तत्त्वज्ञानाचा अध्यापक, तिसरा चित्रकार. एडवर्डला मात्र शेतीकडे वळवण्यात आले. सिरेन्सेस्टरच्या शेतकी महाविद्यालयात शिकून तो पशुवैद्य झाला आणि काही काळ तिथेच पशुवैद्यक शिकवूही लागला. माणसांचे वैद्यकही तो याच सुमारास शिकला आणि पुढे लंडनच्या मूरफील्ड्स या नेत्ररुग्णालयात रमला. चरित्रकार या पशुवैद्यकीच्या दिवसांना फारसे महत्त्व देत नाहीत. मला ते महत्त्वाचे वाटतात. जातिवंत घोड्याची किंवा वळूची वंशावळ ज्या काटेकोरपणे ठेवली जाते, तशी त्या काळी डॉक्टर माणसांची ठेवत नसत. नेटलशिपला ती दृष्टी गोठ्यातून मिळाली असावी, असा माझा अंदाज आहे.

पुढची तीस वर्षे थोडक्यात सांगून भागेल. १८७० च्या दशकात लंडनमधल्या अनाथ आणि निर्धन मुलांच्या शाळांत डोळ्यांच्या साथी धुमसत होत्या. त्यांच्या पाहणीचे काम त्याने केले. मग मूरफील्ड्स आणि सेंट थॉमस या रुग्णालयांत शल्यचिकित्सक म्हणून त्याचा लौकिक वाढला. १८९४ साली नुकतेच पंतप्रधानपद सोडलेल्या ग्लॅडस्टन यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्याने केली. नेत्रवैद्याला मिळू शकणारा सगळा मान आणि पैसा त्याच्याकडे आला होता. १९०२ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्याने रुग्ण तपासणे थांबवले. विद्यार्थ्यांनी आणि मित्रांनी त्याच्या सन्मानार्थ निधी जमवला. तो नेत्रसंशोधनाच्या पदकासाठी खर्च झाला.

इथून त्याच्या आयुष्याचा खरा भाग सुरू होतो. काळ पाहा. मेंडेलचे वाटाण्यावरचे प्रयोग ३४ वर्षे विस्मृतीत पडून १९०० साली पुन्हा उजेडात आले होते. वाटाण्याचे नियम माणसाला लागू पडतात का, हा तेव्हा ताजा प्रश्न होता. माणसांवर संकराचे प्रयोग करता येत नाहीत. घडून गेलेली लग्ने आणि जन्मलेली मुले यांची नोंद करणे एवढेच हाती असते. आणि नोंद करण्यासाठी डोळ्याइतका सोयीचा अवयव दुसरा नाही. हेल्महोल्ट्झने १८५१ साली नेत्रदर्शक यंत्र तयार केल्यापासून जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावून मागचे दृष्टिपटल प्रत्यक्ष पाहता येत होते. आजार आहे की नाही हे ऐकीव माहितीवर सोडावे लागत नव्हते.

नेटलशिप घराण्यांच्या मागावर निघाला. पत्रे लिहिली, आगगाडीने गावोगाव गेला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलते केले, चर्चच्या जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदवह्या ताडून पाहिल्या. जन्मजात मोतीबिंदू, रेटिनायटिस पिगमेंटोसा, रातांधळेपणा, वर्णहीनता अशा एकेका आजाराची घराणी त्याने कागदावर उतरवली.

त्यांतले सर्वांत प्रसिद्ध घराणे फ्रान्समधले. झाँ नूगारे नावाचा एक खाटीक १६३७ साली जन्मला आणि माँपेल्ये शहराजवळच्या वाँदेमियाँ गावी स्थायिक झाला. तो रातांधळा होता. त्याच्या वंशजांची पहिली नोंद क्यूनिए या बेल्जियन नेत्रवैद्याने १८३८ साली छापली. नेटलशिपने स्थानिक डॉक्टरांच्या आणि धर्मगुरूंच्या मदतीने ती पुढे नेली आणि १९०७ साली प्रसिद्ध केली. त्या वंशावळीत दोन हजारांहून अधिक माणसे आहेत. त्यांतले रातांधळे सव्वाशेच्या थोडे वर. आजार सलग नऊ पिढ्यांत उतरलेला.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहायला हवे. सव्वाशे रातांधळ्यांसाठी नेटलशिपने जवळजवळ दोन हजार चांगल्या डोळ्यांच्या माणसांची नावे का लिहिली? कारण खरी माहिती तिथेच होती. फक्त आजारी माणसे मोजली तर आजार घराण्यात आहे एवढेच कळते. निरोगी भावंडे आणि त्यांची मुलेबाळे मोजली तर तो कसा उतरतो ते कळते. नूगारे घराण्यात असे दिसले की रातांधळ्या आईबापांचीच मुले रातांधळी होतात. ज्या मुलाची दृष्टी चांगली, त्याची पुढची सगळी शाखा मोकळी. आजार मधली पिढी गाळून खाली उडी मारत नाही. मुलगे आणि मुली दोघांतही तो येतो. मेंडेलच्या भाषेत हे प्रभावी लक्षण झाले. आईवडिलांपैकी एकाकडून सदोष जनुकाची एक प्रत आली तरी पुरे. व्यवहारात याचा अर्थ केवढा मोठा आहे पाहा: या घराण्यातल्या डोळस मुलीला लग्नाच्या बाजारात घाबरण्याचे काहीच कारण नाही, आणि ही गोष्ट निव्वळ नावे नीट लिहिल्यामुळे सिद्ध झाली.

त्या काळात इंग्लंडमध्ये आनुवंशिकतेवरून दोन तट पडले होते. बेटसन हा मेंडेलचा कट्टर पुरस्कर्ता. कार्ल पिअरसन हा गणिती, त्याला मेंडेलचे नियम माणसाच्या बाबतीत उतावीळपणे लावले जातात असे वाटे. दोघांचे उघड वैर. नेटलशिपच्या वंशावळी दोघांनाही हव्या होत्या आणि त्याने त्या दोघांनाही दिल्या. बेटसनच्या १९०९ सालच्या मेंडेलवादावरील ग्रंथात त्या आहेत, आणि पिअरसन व अबर्डीनचा नेत्रवैद्य अशर यांच्याबरोबर नेटलशिपने वर्णहीनतेवर लिहिलेला प्रचंड ग्रंथ १९११ ते १९१३ या काळात निघाला. उत्तम नोंदीचे हेच लक्षण असते. सिद्धान्ताचे भांडण मिटायच्या आधीही ती उपयोगी पडते आणि मिटल्यानंतरही.

आता आपल्या वंशावळींकडे वळू. त्या आपल्याकडे नाहीत असे मुळीच नाही. खानदेशातली माणसे त्र्यंबकेश्वरी जातात तेव्हा तिथले तीर्थोपाध्याय वह्या काढून खापरपणज्याचे नाव दाखवतात. काही समाजांत भाट गावोगाव फिरून कुळाची वही वाचत. पण या वह्यांचा उद्देश कुळ आणि वारसा हा आहे. त्यांत बापाकडून मुलाकडे रेघ जाते. मुलगी रावेरहून शहाद्याला दिली की तिची पुढची पिढी तिच्या सासरच्या वहीत जाते, माहेरच्या वहीत तिची रेघ तिथेच तुटते. वारसा शोधायला ही वही पुरते, आंधळेपणाचे मूळ शोधायला पुरत नाही.

नेटलशिपच्याच कामातले उदाहरण घ्या. १९०९ साली त्याने एक घराणे वर्णिले. त्यातल्या काही मुलग्यांच्या डोळ्यांत रंगद्रव्य फार कमी होते. डोळे थरथरत, उजेड सहन होत नसे, दृष्टी कमजोर. त्वचा आणि केस मात्र नेहमीसारखे. बाधित सगळे पुरुष. बापाकडून मुलाकडे हा दोष एकदाही गेलेला नाही, तो आला तो चांगल्या दृष्टीच्या आयांकडून. सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असले की असेच होते. मुलाला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून मिळते. ते सदोष असेल तर झाकायला दुसरे नसते. मुलीकडे दोन असतात, त्यामुळे तिचे निभावते, पण ती वाहक असते. आपल्या पद्धतीच्या वहीत हे घराणे लिहिले असते तर इथे एक आंधळा, तिथे एक आंधळा, वेगवेगळ्या कुळांतले, एकमेकांशी संबंध नसलेले, असेच दिसले असते. मामा आणि भाचा यांना जोडणारी बाईच कागदावर नसती. पुढे १९५१ साली हॅरल्ड फॉल्स या अमेरिकी नेत्रवैद्याने दाखवले की अशा वाहक स्त्रियांच्या दृष्टिपटलावरही रंगद्रव्याचे विस्कळीत डाग दिसतात. खूण त्यांच्या डोळ्यात होतीच, त्यांना तपासायचे कुणाला सुचले नव्हते. आज हा आजार नेटलशिप-फॉल्स या जोडनावाने ओळखला जातो.

याहून विचित्र प्रकार थिओडोर लेबर या जर्मन नेत्रवैद्याने १८७१ साली वर्णिला होता. त्यात तरुण वयात, बहुधा पुरुषांची, दृष्टी काही आठवड्यांत जाते. तो आईकडून मुलगे-मुली दोघांकडे उतरतो, पण बाधित पुरुषाच्या एकाही मुलाकडे जात नाही. मेंडेलच्या कोणत्याच नियमात हे बसेना. उत्तर मिळायला १९८८ साल उजाडले. दोष गुणसूत्रांवर नव्हताच, तंतुकणिकांच्या डीएनएमध्ये होता, आणि तंतुकणिका मुलांना आईच्या बीजांडातूनच मिळतात. शंभराहून अधिक वर्षे हे कोडे जिवंत राहिले ते आजारी माणसांच्या आया, मावश्या, मावसभावंडे कुणीतरी लिहून ठेवली होती म्हणून.

इथे एक इशारा दिला पाहिजे. 'आईकडून येतो' हे वाक्य आपल्या समाजात उच्चारताना जपावे लागते. आंधळ्या नातवाचे खापर सुनेवर फोडायला घर टपलेले असते. कोणत्या जनुकाची कोणती प्रत मुलाला मिळावी हे कुणाच्या हाती नसते, हे त्याच दमात सांगायला हवे.

नात्यातल्या लग्नांचा प्रश्नही याच ओघात येतो. बर्लिनमध्ये लीब्राइश या नेत्रवैद्याने १८६१ साली मूकबधिरांची तपासणी केली, तेव्हा रेटिनायटिस पिगमेंटोसा असलेल्यांत चुलत-मावस भावंडांची लग्ने झालेल्या घरांचे प्रमाण मोठे आढळले. आपल्याकडे इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आप्तसंबंधांवरील ग्रंथात दाखवले आहे की उत्तर भारतात अशी लग्ने निषिद्ध, दक्षिणेत पसंतीची, आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यातला: मामाची मुलगी चालते, इतर बहुतेक नाती चालत नाहीत. याचा धोका किती, हे नववी-दहावीच्या मुलांनाही मोजता येईल. समजा एका अप्रभावी आजाराच्या जनुकाच्या दर २०० प्रतींत एक सदोष आहे. नात्याबाहेरच्या लग्नात मुलाला दोन्ही प्रती सदोष मिळण्याची शक्यता २०० गुणिले २०० म्हणजे ४०,००० त एक. मामेभावंडांच्या मुलात दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या असण्याची शक्यता १६ त एक असते. तेव्हा १६ गुणिले २०० म्हणजे ३,२०० त एक, त्यात नेहमीचा धोका मिळवला की साधारण ३,००० त एक. म्हणजे धोका तेरापट झाला, आणि तरीही तीन हजारांतली २,९९९ मुले या आजारापासून मुक्तच. दोन्ही आकडे एकदमच सांगावेत. पहिला लपवणे अप्रामाणिक, दुसरा लपवणे क्रूर. अर्थात घराण्यात असा रुग्ण आधीच असेल, तर हे गणित बदलते आणि धोका पुष्कळ वाढतो.

लीब्राइशने मूकबधिरांतच शोध घेतला हे योगायोगाने नव्हे. जन्मजात बहिरेपणा आणि रेटिनायटिस पिगमेंटोसा काही घराण्यांत बरोबर चालतात. अशर याने १९१४ साली त्यांचा आनुवंशिक संबंध मांडला आणि या जोडविकाराला आज त्याचे नाव आहे. मूकबधिर विद्यालयात शिकवणाऱ्यांनी संध्याकाळी अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला नेत्रतज्ज्ञाकडे जरूर पाठवावे. ज्याचे बोलणे हातवाऱ्यांवर आणि ओठांच्या हालचालींवर चालते, त्याला आपली दृष्टी जाणार आहे हे वेळीच कळणे फार मोलाचे असते. तयारीला काही वर्षे मिळतात.

वंशावळींचा एक काळा अध्यायही आहे आणि तो गाळून हा इतिहास सांगता येणार नाही. पिअरसनची प्रयोगशाळा 'सुप्रजननशास्त्रा'ची होती, म्हणजे कुणी प्रजा वाढवावी आणि कुणी नाही या विचाराची. लूशियन हाउ हा अमेरिकी नेत्रवैद्य नवजात बालकांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालण्याची सक्ती व्हावी म्हणून झटला. त्याने असंख्य डोळे वाचवले. त्याच हाउने १९२० च्या दशकात आनुवंशिक अंधांच्या लग्नांना कायद्याने प्रतिबंध व्हावा म्हणून चळवळ केली. जर्मनीत नाझी सरकारने जुलै १९३३ मध्ये सक्तीच्या वंध्यीकरणाचा कायदा केला, त्यातल्या आजारांच्या यादीत आनुवंशिक अंधत्व होते. नेटलशिपने नावे लिहिली ती आजार समजून घेण्यासाठी. तशाच यादीचा उपयोग माणसांना दवाखान्यात ओढून नेण्यासाठीही होऊ शकतो. म्हणून शाळेत कुणी असा उपक्रम करणार असेल तर मुलांच्या घरच्या वंशावळी भिंतीवर लावू नयेत. तो कागद त्या घराचा, आणि डॉक्टरांचा.

नेटलशिप १९१२ साली रॉयल सोसायटीचा सदस्य झाला आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात वारला. त्याची अपुरी सामग्री ज्युलिया बेल या बाईंनी हाती घेतली. त्या मुळातल्या गणिती, पिअरसनच्या मदतनीस. या कामासाठी त्या वैद्यक शिकल्या आणि वयाच्या चाळिशीत डॉक्टर झाल्या. १९२२ पासून दशकभर त्यांनी डोळ्यांच्या आनुवंशिक आजारांचा खंड भागाभागाने लिहिला आणि तो नेटलशिपच्या स्मृतीला वाहिलेला आहे. १९३७ साली त्यांनी जे. बी. एस. हाल्डेन यांच्याबरोबर रंगांधळेपणा आणि हिमोफिलिया यांची जनुके एक्स गुणसूत्रावर जवळजवळ असल्याचे दाखवले. माणसाच्या जनुकांच्या नकाशावरचे हे पहिले मोजलेले अंतर. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

आणि नूगारे घराणे? १९९६ साली ड्रायजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या रातांधळेपणाचे जनुक शोधून काढले. मंद उजेडात पाहण्याचे काम दृष्टिपटलातल्या दंडपेशी करतात. त्यांतले ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला एक तुकडा आणि एक प्रथिन यांचे असते. प्रकाश पडला की तो तुकडा आकार बदलतो, त्याची खबर ट्रान्सड्यूसिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला मिळते आणि ते ती पुढे पोचवते. नूगारे वंशजांच्या ट्रान्सड्यूसिनमध्ये ३८ व्या जागी ग्लायसीनऐवजी अॅस्पार्टिक आम्ल आहे. शेकडो अमिनो आम्लांतले एक बदलले, आणि नऊ पिढ्या दिवेलागणीनंतर चाचपडल्या.

साखळी तीच आहे, हे पाहण्यासारखे आहे. पाड्यावरच्या कुपोषित मुलाच्या बाबतीत ती पहिल्याच कडीला, 'अ' जीवनसत्त्वाच्या पुरवठ्याला, तुटते. नूगारेची थोडी पुढे तुटते. आणखी एका प्रकारात वापरलेले 'अ' जीवनसत्त्व पुन्हा कामाजोगे करणारे विकर बिघडलेले असते. त्याचे जनुक आरपीई-६५. डोळ्यात या जनुकाची चांगली प्रत सोडणाऱ्या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. किंमत दोन्ही डोळ्यांची मिळून साडेआठ लाख डॉलर ठरली. आपल्या 'अ' जीवनसत्त्वाच्या डोसाशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

महाराष्ट्रातल्या अंधशाळांची पाहणी करून पुण्याच्या नेत्रतज्ज्ञांनी २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सर्वांत मोठा गट जन्मतःच डोळ्याची वाढ अपुरी राहिलेल्या मुलांचा होता. पारपटल खराब झालेल्यांचा गट त्याच्या मागे होता. कुपोषणाचा आणि संसर्गाचा आंधळेपणा जसजसा कमी होत जाईल, तसतसा जन्मजात आजारांचा वाटा वाढतच जाणार. त्यांतल्या काहींसाठी आता रक्ताच्या नमुन्यावरून जनुक तपासता येते. त्या तपासणीला नमुन्याबरोबर एक कागद पाठवावा लागतो. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, बाधित असेल तर आतून काळे केलेले, नात्यातले लग्न असेल तर दोघांमध्ये दुहेरी रेघ. निदान तीन पिढ्या, आणि सासरी गेलेल्या आत्या-मावश्या त्यांच्या मुलाबाळांसह.